हात लावू नको

"हात लावू नको."

सकाळची साडेसहाची बॅच. वीस बायका त्रिकोणासनात वाकलेल्या. बारीक आवाजात बासरी लावलेली. मी सरोजकाकूंच्या मागं उभी होते. त्यांचा डावा खांदा नेहमीसारखा पुढं आलेला. मी नेहमीसारखा तळवा ठेवला. खांदा मागं घेणार, तेवढ्यात त्या झटका देऊन सरळ झाल्या आणि हे बोलल्या.

मला वाटलं, दुखलं असेल. म्हटलं, "सॉरी काकू. जास्त ताणलं का?"

"ताणलं नाही. हात लावू नको म्हणाले."

हळू नाही बोलल्या. सगळ्या हॉलला ऐकू गेलं. बासरी चालूच. बाकीच्या बायका वाकलेल्या होत्या त्या वाकलेल्याच राहिल्या. त्रिकोणासनात नजर वर केलेल्या हाताकडं असते. सोयच झाली. सगळ्यांना छताकडं बघत राहता आलं.

दीड वर्ष मी त्या पाठीला हात लावत होते. काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचा खांदा आखडलेला होता. स्वतःच्या केसांत गजरा माळता येत नव्हता. बॅच संपल्यावर मी त्यांना भिंतीशी उभं करायचे. बोटं भिंतीवरून हळूहळू वर चालवायला लावायचे. मागून खांद्याला आधार द्यायचे. चार महिने. मग एक दिवस त्या गजरा माळून आल्या, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "तुझ्या हाताला गुण आहे गं."

तोच हात.

बॅच मी शेवटपर्यंत घेतली. श्वास घ्या. श्वास सोडा. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटत होता. शवासनात मी रोज एकेकीजवळ जाऊन खांदे हलके खाली दाबायचे. त्या दिवशी हात मागं बांधून भिंतीला टेकून उभी राहिले. का उभी राहिले ते मला तेव्हाही कळलं होतं. कळलं नाही असं आज म्हणणार नाही.

स्टुडिओ कोल्हापूरच्या नागाळा पार्कात होता. लाकडी जमीन, पांढऱ्या भिंती, दारात पाण्यात फुलं ठेवलेलं पितळी घंगाळ. आम्ही तीन शिक्षिका. मी शाळेपासून आसनं करत आलेली. पन्हाळ्याला शाळांच्या स्पर्धा झाल्या तेव्हा पहिली आले होते. पुढं बी. ए. केलं, योगाचा डिप्लोमा केला. स्टुडिओच्या मालकीण मॅडमनी मला घेतलं ते माझं काम बघून. घेताना एकच सुधारणा सांगितली. "आपल्याकडं 'मी जातो, मी येतो' म्हणायचं नाही. 'जाते, येते' म्हणायचं. आणि 'हाय' नाही, 'आहे'." आम्ही कोल्हापूरच्या बायका घरात बाप्यांसारखंच बोलतो. मी जातो, मी गेलतो. मी सवय मोडली. चपला काढल्या की जीभ बदलायची.

जात मी कधी लपवली नाही, पण सांगितलीही नाही. आमचं आडनाव सगळ्या जातींत सापडतं. आडनावावरून कळत नाही, वसाहतीवरून कळतं. म्हणून कुणी राहायला कुठं विचारलं की मी म्हणायचे, "बावड्याकडं." बावडा मोठा आहे. बावड्यात साखर कारखाना आहे, शेतं आहेत, नव्या सोसायट्या आहेत. ऐकणाऱ्यानं हवं ते घ्यावं.

बॅच संपल्यावर मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाल्या. ग्रीन टी दिला.

"सरोजकाकूंचा काल फोन आला होता. तुझे वडील त्यांच्या गल्लीत येतात म्हणे. गाडीवर."

कचऱ्याच्या, हा शब्द त्यांनी गाळला. तोंड खराब होईल म्हणून असेल.

"मी असलं काही मानत नाही, हे तुला माहिती आहे. पण क्लायंट लोकांना मी काय सांगू? तू हुशार आहेस. तू समजून घे."

मग टेबलाच्या खणातून एक पट्टी काढली. गुळगुळीत लाकडाची, हातभर लांब. पॉलिश केलेली.

"हिनं दाखवायचं. खांदा, कंबर, गुडघा, जिथं चुकतंय तिथं हलकी टेकवायची. परदेशात आता असंच करतात. टच-फ्री."

टच-फ्री. किती छान शब्द. आमच्या आजीच्या वेळी ह्याला वेगळा शब्द होता, आणि तो ऐकायला बरा वाटायचा नाही.

बाकीच्या दोघी शिक्षिकांना पट्टी दिली नव्हती.

मी पट्टी घेतली. हे लिहायला जड जातं, पण घेतली. भावाचं लग्न झालेलं, तो वेगळा राहायचा, आईचं डायलिसिस चालू होतं. माणूस वाकतो तेव्हा त्याच्याकडं कारणं असतात. माझ्याकडंही होती.

दुपारी घरी आले. आप्पा जेवत होते. आप्पा म्हणजे माझे वडील. महापालिकेत सफाई कामगार. कचऱ्याच्या टिपरमागं उभं राहून दारोदारचा कचरा गोळा करायचा, हे काम. मला बघून आप्पांचा चेहरा फुलला.

"अगं, परवा तुझ्या किलासच्या एक वैनी भेटल्या. त्यांच्या खांद्याला किलासचं नाव असल्याली पिशवी, तुझी खिळ्याला टांगल्याली हाय तसलीच. मी म्हटलं, वैनी, तिथं माझी पोरगी शिकवती की! टीचर हाय."

"मग?"

"मग काय, हसल्या. लई चांगल्या वाटल्या."

मी पिशवी भिंतीवर फेकली.

"तुमाला कुणी इचारलंतं? कशाला सांगायला गेलासा? पुन्हा कुणाला सांगायचं न्हाय, मी तुमची पोरगी हाय म्हणून!"

आई आतून बघत होती. आप्पांचा घास हातात राहिला. मला वाटलं ओरडतील. ओरडायला पाहिजे होतं. आप्पांनी घास ताटात ठेवला, परत उचलला, खाल्ला. म्हणाले, "चुकलं माझं."

सरोजकाकूंनी माझा अपमान केला. तो मी जसाच्या तसा घरी आणून बापाच्या ताटात वाढला. ह्याबद्दल मी आप्पांची अजून माफी मागितलेली नाही. शब्द जुळवले, जमलं नाही.

तीन महिने मी पट्टी घेऊन शिकवलं. पट्टी टेकवली की बायका पटकन सरळ व्हायच्या. शाळेतल्या पोरींसारख्या. माझं मला कळायला लागलं की माझं शिकवणं बिघडतंय. हाताला कळतं की स्नायू घट्ट आहे का घाबरलेला आहे. लाकडाला काय कळणार? सरोजकाकूंचा खांदा पुन्हा पुढं यायला लागला होता. मी बघायचे आणि पुढच्या मॅटकडं जायचे.

मग एक सकाळ. बस बंद होती म्हणून मी चालत मटण-मासळी बाजाराच्या बाजूनं निघाले. तिथं टिपर उभा होता. मागं आप्पा. कोंबड्यांची आतडी, पिसं, माशांचं पाणी, सगळं फावड्यानं भरत होते. तोंडाला पंचा बांधलेला. पाय घोट्यापर्यंत त्यात. पन्नाशी उलटलेला माणूस, गुडघे दुखणारा. ही लाईन कुणी घेत नाही. शिक्षा म्हणून देतात.

शेजारी सुमनमावशी झाडत होती. आप्पांबरोबर वीस वर्षं कामाला. मी तिला कोपऱ्यात विचारलं, "मावशी, आप्पांना हिकडं कुणी टाकलं?"

"टाकलं न्हाय गं. मागून घेतली त्यांनी. मुकादमाच्या पाया पडलं की. म्हणालं, ती बंगल्याची लाईन नको, पोरीला तरास हुतोय."

आप्पांनी मला बघितलं. आणि ओळख दाखवली नाही. मान फिरवली. मी सांगितलं होतं ना, कुणाला सांगायचं नाही म्हणून. ते माझं ऐकत होते.

तिथून स्टुडिओ पंधरा मिनिटांवर. ती पंधरा मिनिटं मला आठवत नाहीत.

बॅच सुरू व्हायची होती. सगळ्या मॅटवर मांडी घालून डोळे मिटून बसलेल्या. मी बासरी बंद केली. डोळे उघडले सगळ्यांचे. मी पट्टी पुढं जमिनीवर ठेवली.

म्हणाले, "मी हातानं शिकवतो. माझे वडील कचरा उचलत्यात, त्या माणसाची मी पोरगी हाय. आजपास्नं ही पट्टी मी धरणार न्हाय. माझा हात ज्यांना चालत न्हाय, त्यांनी उठावं."

तीन वर्षांत तिथं पहिल्यांदा माझ्या तोंडून घरची भाषा आली. ठरवून नाही. तोंडात दुसरी भाषा शिल्लकच नव्हती.

सरोजकाकू उठल्या. मॅट गुंडाळली, नीट, कडा जुळवून. त्यांच्या मागं आणखी सहाजणी उठल्या. एकीनं जाताना माझ्याकडं बघून खांदे उडवले, जणू बस चुकली.

तेराजणी बसून राहिल्या. मला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. एक वाक्य. 'हे बरोबर नाही' एवढं. कुणी बोललं नाही. उठल्या नाहीत आणि बोलल्याही नाहीत. उठणाऱ्यांचा मला राग आला, तो पुढं निवळला. बसून राहिलेल्यांचा अजून निवळलेला नाही.

मॅडम धावत आल्या. मला बाहेर नेलं. "शांतपणे बोलता आलं असतं. इतकी वर्षं योग करून हेच शिकलीस?"

"व्हय," म्हटलं. "हेच शिकलो."

चपला घातल्या आणि निघाले.

स्वतःचा वर्ग काढायचा हे ठरायला वेळ लागला नाही, जागा मिळायला लागला. बावड्यात मी पाच ठिकाणी विचारलं. माणसं चांगली बोलायची. पावणं, या, बसा. मग विचारायची, गल्ली कुठली? मी आता 'बावड्याकडं' म्हणत नव्हते. वसाहतीचं नाव घ्यायचे. मग जागा मुलाच्या लग्नाला लागायची, नाहीतर भावाशी वाद निघायचा.

सहावी जागा अक्कांची. अक्का सीमेकडच्या, निपाणीच्या बाजूच्या. बोलता बोलता कानडी शब्द यायचे. नवरा गेल्यावर पिठाची गिरणी स्वतः चालवत होत्या. गिरणीच्या मागं पत्र्याची मोठी शेड, रिकामी. भुवयांवर कायम पीठ. वसाहतीचं नाव ऐकलं, गिरणी बंद केली, माझ्याकडं बघितलं.

"योगानं माझी कंबर दुखायची राहील का?"

"राहील. रोज यावं लागेल."

"मग घे शेड. फक्त मागच्या दारानं येत जावा. पुढनं देव्हारा हाय माझा."

इतक्या दिवसांनी जागा मिळालेली. हो म्हणणं एवढं सोपं होतं. मागचं दार मोठंही होतं. पण मला मासळी बाजारात मान फिरवणारे आप्पा दिसले.

"अक्का, पुढनंच येणार. मी बी आणि माझ्याकडं येणारी प्रत्येक बाई बी. न्हायतर नको."

अक्कांनी पदरानं भुवया पुसल्या. मग गिरणी चालू केली. आवाजात ओरडून म्हणाल्या, "भारीच हायस की! ये पुढनं!"

दारावर पाटी लावली. रंगवणारा म्हणाला, एखादं संस्कृत नाव टाका, लोक येतात. मी माझं पूर्ण नाव घातलं. वडिलांच्या नावासकट. खाली वसाहतीचं नाव. पाटी लावताना आप्पा ड्युटीच्या कपड्यांत आले, रस्त्याच्या पलीकडं उभे राहिले. आत या म्हटलं. म्हणाले, "कपडं हे असं हायत." मी रस्ता ओलांडून गेले, त्यांच्या दंडाला धरलं आणि आत आणलं. त्यांनी पाटी वाचली.  नाकाला रुमाल लावून, पिठामुळं आल्यासारखं, उगीच शिंकले.

पहिल्या आठवड्यात वसाहतीतल्या चारजणी आल्या. साडी नेसूनच. पाय वर करा म्हटलं की लाजून एकमेकींच्या अंगावर पडायच्या. पोटावर झोपायची लाज. खानावळीत भाकऱ्या थापणारी शोभा पहिल्याच शवासनात घोरायला लागली. जागी झाली आणि रडली. म्हणाली, "दिवसा आडवं पडल्याला मला किती वर्सं झाली ठावं न्हाय." शोभाच्या खांद्यांत गाठी होत्या, लिंबाएवढ्या. मी हातानं सोडवल्या. ती दुसऱ्या दिवशी तिघींना घेऊन आली.

मग लता आली. चार घरची धुणीभांडी करणारी. मग अक्का स्वतः. नव्या सोसायटीतल्या बायका दळणाला यायच्या, त्या डोकावायला लागल्या. एकेक करत आठजणी आल्या. कारखान्याचा हंगाम सुरू झाला, शेडमध्ये मळीचा वास भरायचा, वर पिठाची धूळ, पण बायका मावेनात, पंचवीस व्हायला लागल्या. बॅचच्या शेवटी मी जोड्या करायचे. दोघींनी पाठीला पाठ लावून बसायचं. दुसरीचा श्वास आपल्या पाठीला कळेपर्यंत. जोड्या मी लावायचे. मुद्दाम लावायचे, खोटं कशाला बोलू.

एक दिवस सोसायटीतल्या मंजिरीवहिनी थांबल्या. चांगल्या बोलणाऱ्या, गोड बाई.

"तुम्ही फार छान शिकवता. फक्त एक विनंती होती. आमच्या सोसायटीची बॅच वेगळी कराल का? पैसे जास्त देऊ."

"का?"

"लता माझ्याकडं भांडी घासते हो. तिच्या पाठीला पाठ लावून बसायचं म्हणजे अवघडल्यासारखं होतं. तिलाही होत असेल."

"तिला इचारलं का तुमी?"

त्या हसल्या. विचारायचं काय असतं त्यात?

मी वेगळी बॅच करणार नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी आठही मॅट रिकाम्या. मी तयारीत होते. तयारीत नव्हते ते लताच्या बोलण्याला. ती शिकवून झाल्यावर पिशवीचे बंद पिळत उभी राहिली.

"ताई, मी दुपारचं येतो. एकटीच. न्हायतर येतच न्हाय. माझं काम जाईल वो."

मी काय सांगणार? उपदेश करायला मी कोण? माझ्याही हातात तीन महिने पट्टी होती. म्हटलं, "लता, दुपारी दार उघडं हाय. तुला सोसंल तसं कर."

आठवडाभर ती आली नाही. सकाळीही नाही, दुपारीही नाही. सोमवारी आली, सकाळच्याच बॅचला, आणि पहिल्या ओळीत बसली. मी विचारलं नाही. तीच बोलली, "त्यांच्या भांड्याला माझा हात चालतोय, पाठ चालत न्हाय व्हय?"

महिना भरायच्या आत मंजिरीवहिनींनी तिला काढून टाकलं. कारण सांगितलं नाही. वसाहतीत दोघी-तिघी म्हणतात, मास्तरणीच्या हट्टापायी लताचं काम गेलं. मी त्यांना खोटं ठरवत नाही. गेलं.

आता सोसायटीच्या बायकांनी दळण दुसरीकडं न्यायला सुरुवात केली आहे. गिरणी दुपारची बंद असते. मागल्या महिन्यात अक्का बॅच संपल्यावर शेडमध्ये आल्या. कंबर सरळ करून उभं राहता येतं त्यांना आता. पण त्या दिवशी खाली बघूनच बोलल्या.

"दोन बॅच कर की गं. काय जातंय तुझं? तेवढंच त्यांचं मन राहील. माझं दळण सुटलं तर मी काय खाऊ?"

अक्कांना मी सरोजकाकूंच्या रांगेत बसवत नाही. त्यांनी मला पुढच्या दारानं आत घेतलंय आणि त्याचा भुर्दंड त्या भरतायत. म्हणून उत्तर देताना माझा आवाज चढला नाही.

"अक्का, तुमचं नुकसान मला दिसतंय. शेड पाहिजे असंल तर सांगा, तुमच्यावर राग न धरता मी किल्ली देतो. पण बॅच दोन होणार न्हाईत."

त्या निघून गेल्या. तेव्हापासून माझ्याशी बोललेल्या नाहीत. सकाळी व्यायामालाही आल्या नाहीत. शेड काढून घेतलेली नाही, ठेव असंही म्हणालेल्या नाहीत. रोज पहाटे येताना मला वाटतं, आज कुलूप बदललेलं असेल.

बदललं तर बदलू दे. वसाहतीच्या पटांगणात सतरंज्या टाकू. पटांगणावर कुणी हरकत घेतली तर गल्लीत बसू, रस्त्याच्या कडेला बसू. आत्ता आम्ही सतराजणी आहोत. सात झालो तरी चालेल. एकटी लता उरली तर तिच्या पाठीला मी माझी पाठ लावून बसेन.

माझ्याकडं ज्याला शिकायचंय, त्यानं शेजारच्या माणसाला शिवायचं. नाव न विचारता, गल्ली न विचारता. हे ज्याला जमत नाही, त्याला मी काहीही शिकवणार नाही. श्वास घ्यायलासुद्धा नाही.